निशिगंधाला नुसती पानंच येतात? गड्डा उकरून बघा

ही कुंडी बघा. तीन वर्षांपूर्वी यात मी निशिगंधाचे, म्हणजे आपल्या गुलछडीचे, तीन कंद लावले होते. पहिल्या पावसाळ्यात छान दांडे आले. संध्याकाळी गॅलरीचं दार उघडलं की घरभर वास! गेल्या वर्षी मात्र नुसती गवतासारखी पानं. शेणखत घातलं, कुंडी उन्हात सरकवली, तरी एक दांडा दिसेल तर शपथ. दुखणं मातीखाली होतं. थांबा, कुंडी पालथीच घालते.

हा निघाला अख्खा गड्डा. कॅमेरा जवळ आणते. मधोमध हे तपकिरी, सुकलेलं दिसतंय? बोटानं दाबलं की चुरा होतोय, वर जुन्या दांड्याचा खुंट अजून तसाच आहे. ही आई. निशिगंधाचा कंद एकदाच फुलतो. पुढची फुलं येतात ती तिच्या पिल्लांना. आणि पिल्लं बघा कशी तिला चहूबाजूंनी बिलगलीत! या एकाच गड्ड्यात सव्वीस मोजली मी. एवढ्या गर्दीत कुणालाच पोटभर मिळत नाही, मग फुलण्याएवढा जाड कंद होणार कसा?

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं पिवळी पडायला लागली की पाणी तोडा. माती कोरडी झाली की गड्डा काढा. सुरी नको, दोन्ही अंगठ्यांनी असा हलकेच उकलायचा. कंद धुवायचे नाहीत, माती नुसती झटकायची. जुन्या मुळ्या कापायच्या, मऊ पडलेला कंद फेकून द्यायचा. मग महिनाभर सावलीत, वारं लागेल असे पसरून ठेवा. हे झाड मूळचं मेक्सिकोचं, ही कोरडी विश्रांती त्याला मानवते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवाल तर सगळे कुजतील.

आता निवडायचे. सुपारीएवढे किंवा त्याहून मोठे कंद एकीकडे, यंदा फुलतील ते हेच. शेंगदाण्याएवढे दुसरीकडे, त्यांना एक वर्ष वाढू द्यावं लागतं.

लावायचे एप्रिल-मेमध्ये. टोक वर, साधारण दोन इंच खोल, दोन कंदांत वीतभर अंतर. म्हणजे बारा इंची कुंडीत तीनच! कुंडी रिकामी वाटते, आणखी दोन खुपसावेसे वाटतात, माहितीये मला. नका खुपसू. लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्या, नंतर कोंब दिसेपर्यंत अगदी बेतानं. रोज पाच-सहा तास ऊन मिळालं की साधारण तीन महिन्यांत दांडा येतो.

माझ्याकडे मोठे कंद निघाले नऊ, तीन कुंड्यांना पुरले. बारकी पिल्लं शेजारच्या काकूंना देतेय. त्यांना सांगून ठेवलंय, यंदा पानांवरच समाधान माना काकू, वास पुढच्या वर्षी.