दाराबाहेरची दहा मिनिटं

[कॉरिडॉर. बंद दार.]

लॅपटॉप छातीशी धरून दाराबाहेर उभे आहेत ते एका लॅबचे प्रमुख. आत त्यांची विद्यार्थिनी आहे, पीएचडीच्या चौथ्या वर्षाची, आणि थिसिस कमिटीचे, म्हणजे तिच्या प्रबंधावर देखरेख करणाऱ्या समितीचे, बाकीचे सदस्य. गाइडला बाहेर थांबवून विद्यार्थ्याशी बोलायची ही पद्धत अमेरिकेतल्या बऱ्याच बायोमेडिकल पीएचडी अभ्यासक्रमांत आहे. ‘लॅबमध्ये कसं चाललंय?’ हे गाइडसमोर विचारलं, तर ‘छान’ याशिवाय कोण काय सांगणार?

प्राध्यापक झालं की पीएचडीचे विद्यार्थी आपोआप मिळतात, असं बाहेरच्यांना वाटतं. पण नेमणूक करतो विभाग. ग्रॅज्युएट प्रोग्रॅमच्या फॅकल्टीत, म्हणजे पीएचडीचे विद्यार्थी घेऊ शकणाऱ्या प्राध्यापकांच्या यादीत, जागा मिळवायला बहुतेक ठिकाणी वेगळा अर्ज लागतो. संशोधन चालू आहे का, ग्रँट किती वर्षं पुरेल, आधीचे विद्यार्थी किती वर्षांत सुटले आणि पुढे कुठे गेले, हे सगळं तपासतात. अनेक ठिकाणी हे सदस्यत्व ठरावीक वर्षांनी नव्यानं मिळवावं लागतं.

[लॅब. हातांचा क्लोजअप.]

पहिल्या वर्षी विद्यार्थी साधारण तीन लॅबमध्ये काही आठवडे काम करून बघतो. हे रोटेशन. हा मुलगा आज नमुन्यातले रेणू वेगळे करायच्या जेलच्या खाचेत नमुना भरतोय. पिपेटचं टोक थरथरतंय, निळा थेंब खाचेबाहेर पसरतो. ‘कोपर टेकव. अंगठा सावकाश दाब, आणि टोक बाहेर काढल्याशिवाय सोडू नकोस.’ दुसरी खाच. तिसरी. चौथीत थेंब तळाशी नीट बसतो.

शिकवतेय ती पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर लॅबमध्ये काम करणारी संशोधक. फॅकल्टीच्या यादीत तिचं नाव नाही. रोजचं शिकवणं बहुतेक लॅबमध्ये असंच, यादीबाहेरच्या माणसांच्या जिवावर चालतं.

मग यादीतल्या माणसानं करायचं काय? असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेसनं २००८ साली विद्यार्थी आणि गाइड यांच्यासाठी एक करारनामा तयार केला. वेळ देणं, कामाचं श्रेय देणं, लॅबबाहेरच्या करिअरलाही पाठबळ देणं, हे त्यात गाइडचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. एनआयएच ही अमेरिकी सरकारची आरोग्य-संशोधन संस्था तर ट्रेनिंग ग्रँटच्या, म्हणजे विद्यार्थी घडवायच्या अनुदानाच्या, अर्जात प्रत्येक गाइडच्या नावापुढे आकडे मागते: किती विद्यार्थी शिकताहेत, किती पदवी घेऊन गेले, किती संशोधनात टिकले. विद्यार्थ्यानं काय शिकायचं, पुढे काय करायचं याच्या लेखी विकास आराखड्याचं मात्र २०१४ पासून एवढंच, की तो वापरता का हे प्रगती अहवालात सांगायचं. आराखडा जोडायचा नाही.

[पांढरा फळा. दोघं.]

ही लॅबप्रमुख आणि त्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थिनीची दर सोमवारची बैठक. फळ्यावर तिचा आलेख आहे, आणि त्यातला एक बिंदू रेषेपासून लांब पडलाय. ‘खोडू नकोस,’ ते म्हणतात, ‘पुन्हा करून बघ.’ अर्ध्या तासात ते एकदाही फोनकडे बघत नाहीत. आकडे मागणाऱ्या कुठल्याच तक्त्यात या अर्ध्या तासाला रकाना नाही, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे.

सदस्यत्व गेलं, तर नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. असलेल्यांसाठी सह-मार्गदर्शक किंवा दुसरी लॅब बघावी लागते.

[कॉरिडॉर.]

दार उघडतं. आता पाळी उलटी. ती बाहेर येते, ते आत जातात. लॅपटॉप बाहेरच्या बाकावरच राहिलाय. ती तो उचलून मांडीवर घेऊन बसते.