उणे चाळीस

गाडीला जोडलेल्या स्कॅनरच्या पडद्यावर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान दिसतंय: उणे 40 अंश. आणि बॉनेटवर वाकलेला मेकॅनिक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आहे. मग गाडीला ही थंडी वाजतेय कुठून?

एअर फिल्टरच्या डब्याजवळ, हवेच्या नळीत खोचलेला हा हवेचं तापमान मोजणारा सेन्सर. प्लॅस्टिकच्या जाळीआड एक इवलासा मणी. हवा गार झाली की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, तापली की उतरतो. बऱ्याच गाड्यांत 20 अंशांना तो दोन-अडीच हजार ओहम भरतो, 80 अंशांना तीनशेच्या आसपास. ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, 5 व्होल्ट देतो आणि त्यातले किती उरले यावरून तापमान ओळखतो. वाटेत कुठे सर्किट तुटलं, तर सगळेच्या सगळे 5 व्होल्ट तसेच राहतात. ईसीएमच्या हिशेबात त्याचा अर्थ होतो कडाक्याची थंडी. बिघाडाचा कोड पडतो पी 0113.

गार हवा दाट असते. उणे 40 ची हवा 30 अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ 30 टक्के दाट. ज्या गाड्या दाब आणि तापमानावरून हवा मोजतात, त्या या आकड्याला भुलून जादा पेट्रोल सोडतात. काळा धूर येतो, अ‍ॅव्हरेज पडतं. धूर तपासणारा ऑक्सिजन सेन्सर तापला की तो बरंचसं सावरून घेतो, म्हणून खरा त्रास गार इंजिन सुरू करताना.

कोड वाचला आणि सेन्सर बदलला, असं सर्रास होतं. मला ते पटत नाही. कोड फक्त सर्किटकडे बोट दाखवतो.

हा मेकॅनिक काय करतो ते बघा. इंजिन बंद, इग्निशन चालू. सेन्सरला तारा जोडणारा कपलर काढून त्याने गाडीकडच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. (हे दोन तारांच्या सेन्सरलाच, हवेचा प्रवाह मोजणाऱ्या एअरफ्लो मीटरमध्येच सेन्सर असेल तर आधी वायरिंगचा नकाशा बघायचा.) तारेला रेझिस्टन्स जवळजवळ नसतोच, म्हणून वायरिंग ठीक असतं तर आकडा उडी मारून 120 च्या वर गेला असता. तो हलला नाही. उणे 40 च.

म्हणजे सेन्सर निर्दोष. दोष तारेत, नाहीतर पिनेत.

याहून फसवा बिघाड म्हणजे कोडच न देणारा. सेन्सरवर तेलकट थर चढतो, किंवा तो वीस-पंचवीस अंश चुकीचं सांगू लागतो. त्याला पकडायचं सकाळी, रात्रभर उभ्या गाडीत. इंजिन सुरू करण्याआधी हवेचा आणि कूलंटचा आकडा जवळपास सारखा हवा. मग हेअर ड्रायरची गरम हवा द्यायची. आकडा अडखळत न जाता सरळ चढला पाहिजे. गरम गाडी नुकतीच थांबवली असेल तर मात्र 60-70 अंश दिसले तरी घाबरू नका, बॉनेटखाली तेवढी धग साठतेच.

आता टॉर्च कपलरच्या आत. एका पिनेवर हिरवट गंज. क्लीनरचा फवारा, बारीक ब्रश, थोडी वाट. पुन्हा तार जोडली: आकडा 120 च्या पार. तार काढून कपलर सेन्सरवर दाबला. टक्.

पडद्यावर 31.