कपाशीपासून वनपट्ट्यापर्यंत : खान्देशातलं समाजकार्य आणि लिंगभाव

(दृश्य : चोपडा तालुका. कपाशीची वेचणी सुरू आहे.)

शेत एकच, पण कामाच्या वाटण्या ठरलेल्या. निंदणी आणि वेचणी बायांची. नांगरट, फवारणी आणि कापूस विकायला नेणं पुरुषांचं. फवारणीसाठी पाणी वाहून आणते ती बाई, औषधाने भिजलेले कपडे धुते तीही बाईच. प्रशिक्षणाचं बोलावणं मात्र घरच्या पुरुषाला जातं, आणि हातमोजेही त्यालाच मिळतात. औषध दोघांच्या अंगाला लागतं. ही वाटणी निसर्गाने केलेली नाही, माणसांनी केली आहे. समाजकार्यात तिला लिंगभाव म्हणतात.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अ‍ॅन ओकली यांनी 1972 मध्ये शरीराचं लिंग आणि समाजाने घडवलेला लिंगभाव यांतला फरक नेमका मांडला. समाजकार्याच्या कामात तो मुरायला वेळ लागला. मूल शाळेत जात नाही? आईला समज द्या. नवरा पितो? बायकोने सांभाळून घ्यावं. जुन्या पठडीतला सल्ला असा असे, आणि खरं सांगायचं तर आजही कित्येक ठिकाणी तोच दिला जातो. स्त्रीवादी समाजकार्याने प्रश्नच बदलला : या घरात काम कुणाच्या अंगावर आहे, आणि निर्णय कुणाच्या हातात?

(दृश्य : रावेरच्या केळीबागा, मग धडगावचे डोंगर.)

‘बाई’ म्हणून सगळ्याजणींना एकाच मापाने मोजलं की कामाची दिशा चुकते. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात 0 ते 6 वयोगटात 1000 मुलग्यांमागे 842 मुली होत्या, आदिवासीबहुल नंदुरबारमध्ये 944. केळी आणि ठिबकच्या पैशाने मुली वाचवल्या नाहीत. पण यावरून आदिवासी बाई मोकळी आहे, असंही म्हणता येत नाही. भिल्ल-पावरा समाजात लग्नात मुलीच्या बापाला देज, म्हणजे वधूमूल्य, मिळतं. ती सासर सोडून आली तर ते परत करायची वेळ येते. मग खुद्द बाप-भाऊच तिला माघारी धाडतात.

(दृश्य : ओटा, जमिनीवर मांडलेली चित्रं, चिंचोके.)

कामाची वाटणी समजून घ्यायला सोपं साधन म्हणजे चोवीस तासांचं घड्याळ. प्रत्येकीला 24 चिंचोके द्यायचे, एक चिंचोका म्हणजे एक तास. समोर चित्रं : चूल, पाणी, गुरं, शेत, मूल, झोप, बैठक. ‘रोज काय करता’ असं विचारू नका, ‘काल काय केलं’ असं विचारा. ‘रोज’चं उत्तर ठरलेलं येतं : “काही नही, घरमाच व्हतू.” काल बाजाराचा दिवस किंवा सण असेल तर परवाचा दिवस घ्या. पुरुषांचा गट वेगळा बसवा. सुनांचाही वेगळा, कारण सासू समोर असली की सुनेच्या मांडणीत झोपेचे चिंचोके हटकून वाढतात!

सगळं मांडून झालं की एकच प्रश्न : ‘हे करताना आणखी काय चाललं होतं?’ भाकरी थापताना मांडीवर मूल असतं, पण एक चिंचोका दोन ठिकाणी ठेवता येत नाही. अशा जागी खडूने खूण करा. नाहीतर मूल सांभाळण्याचं काम हिशेबात येतच नाही. हंगामही नोंदवा. वेचणीतलं घड्याळ आणि उन्हाळ्यातलं घड्याळ यांत पुष्कळ अंतर पडतं.

मग दोन्ही गटांच्या मांडण्या शेजारी ठेवायच्या आणि बोलायचं गावकऱ्यांनी. कार्यकर्त्याने इथे पुरुषांची शाळा घेतली की पुढच्या बैठकीला ते येत नाहीत. बैठकीची वेळही जपावी लागते. सकाळी अकराला बोलावलं, तर मजुरीला जाणारी एकही बाई दिसणार नाही.

2019 च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ गेल्याचं दिसलं. असं काम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटं.

(दृश्य : सातबारा उतारा.)

यानंतरचा तक्ता वापर आणि ताबा यांचा. शेतात राबते ती, सातबारा कुणाच्या नावावर? बचतगटाचं कर्ज तिच्या नावावर, पैसा कुठे गेला? तो नवऱ्याच्या बियाण्याला गेला आणि हप्ता ती मजुरीतून फेडत असेल, तर शंभर टक्के वसुलीचा अहवाल फसवा आहे. दारात नळ आला की कष्ट कमी होतात. जमिनीवर नाव लागलं की घरातलं वजन बदलतं. बहुतेक प्रकल्प नळापाशीच थांबतात. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावाने बायकांच्या नावे जमिनी केल्या, ते उदाहरण याच जिल्ह्यातलं आहे.

हिंसेच्या प्रकरणात चूक झाली, तर तिची किंमत सगळ्यात मोठी. बाईशी बोलायचं ते ती एकटी असताना, सासरच्या ओट्यावर नव्हे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकारी घरगुती घटनेचा अहवाल भरतो. मारहाणीची तारीख, जखम, मुलं कुठे होती, हे तिच्याच शब्दांत उतरवायला हवं. नोंदवहीत ‘समेट झाला’ एवढंच लिहून प्रकरण बंद करणं, हे काम नव्हे. 1970 च्या दशकात शहाद्याच्या आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली, मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. मार हा घरातला खासगी मामला नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

(दृश्य : अक्कलकुवा. वनहक्क दाव्यांची ग्रामसभा.)

2006 च्या वनहक्क कायद्यानुसार वनजमिनीचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. विधवा किंवा एकटी बाई कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या एकटीच्या. ग्रामसभेला निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश बाया. प्रत्यक्षात सभा पुरुषांची होते आणि बायांचे अंगठे नंतर घरोघर जाऊन घेतले जातात. म्हणून अंगठा उठण्याआधी दावा पावरी किंवा भिलीत मोठ्याने वाचून दाखवा. बाईचं नाव आधारवर आहे तसंच दाव्यात आहे का, तेही तपासा. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असलं, की दावा त्रुटीत निघतो आणि दुरुस्तीच्या खेपा तिलाच घालाव्या लागतात.