पाटी, पेन्सिल आणि ओकवरचा नर

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हांला एका शिकारीची हकीकत सांगणार आहे. शिकार म्हटलं की आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडली होती. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबवली, आणि ती थांबायलाच हवी होती. पण ही हकीकत आहे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातली. तिथं रानटर्की हा कोंबडीच्या कुळातला मोठा पक्षी नाहीसा झाला होता, तो परत आला, आणि तो आणण्यात शिकाऱ्यांचा मोठा वाटा होता.

माझी लेक तिथल्या व्हर्नन काउंटीत दिली आहे. सासरी दुभत्या गाईंचा गोठा, मका आणि लसूणघासाची शेती. अमेरिकेचा हा भाग सपाट असेल असं मला वाटलं होतं, पण हिमयुगात बर्फाचे थर आजूबाजूनं सरकले आणि एवढा तुकडा तेवढा वगळला गेला. त्यामुळे इथले डोंगर घासून सपाट झाले नाहीत. अरुंद दऱ्या, माथ्यावर ओकची झाडी आणि खाली वळसे घेत जाणारी किकापू नदी. या झाडीत रानटर्की राहते.

मोठ्या माणसांचा वसंतातला हंगाम एप्रिलच्या तिसऱ्या बुधवारी सुरू होतो. त्याच्या आधीचे शनिवार-रविवार राखलेले असतात ते सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी. त्या दोन दिवशी मोठ्यांनी फक्त सोबत जायचं, बंदूक चालवायची ती मुलांनीच. माझी नात अकरा वर्षांची आहे. तिचा हा पहिलाच हंगाम, म्हणून त्या घरानं शनिवार हाच आपला पहिला दिवस धरला होता.

शुक्रवारी संध्याकाळी जावई माथ्यावर जाऊन पक्षी कुठल्या झाडावर चढतात ते ऐकून आले. टर्की केवढी जड, पण रात्र ती झाडावरच काढते. इकडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर व्याह्यांनी एक डबा उघडला आणि आतली वस्तू माझ्या हातात दिली. मी थबकलेच. ती पाटी होती! आपली शाळेतली दगडी पाटी, फक्त वाटीएवढी गोल, लाकडी कोंदणात बसवलेली. सोबत पेन्सिलीसारखी एक लाकडी काडी. काडी तिरकी धरून पाटीवर छोटी छोटी वर्तुळं काढायची, की मादीचा आवाज निघतो. लहानपणी पाटीवर पेन्सिल कर्रकन ओढली की बाई रागवायच्या. इथं नातीला आजोबा तेच नीट करायला शिकवत होते. "घाई करू नकोस, एकदा बोललीस की गप्प बस," असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

त्याच टेबलावर त्यांनी मला टर्कीची कथा सांगितली. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी या डोंगरांत एकही रानटर्की पाहिली नव्हती. जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांपायी विस्कॉन्सिनमधला शेवटचा पक्षी १८८१ च्या सुमारास संपला होता. मग लोकांनी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते टिकले नाहीत. कसे टिकणार? कोल्हा आला की कुठं पळायचं हे पिल्लाला आई शिकवते, आणि त्या पिल्लांना आई नव्हतीच. अखेर मिझुरी राज्यातून रानात जन्मलेले पक्षी आणायचं ठरलं. मक्याचे दाणे पसरायचे, पक्षी गोळा झाले की स्फोटाच्या जोरावर उडणारं मोठं जाळं त्यांच्या अंगावर टाकायचं, अशी ती पकडण्याची रीत. बदल्यात विस्कॉन्सिननं मिझुरीला ग्राउज दिले, म्हणजे आपल्या तितराच्या कुळातले पक्षी. १९७६ साली पहिली टर्की सोडली ती याच व्हर्नन काउंटीत. १९८३ मध्ये वसंतातली पहिली शिकार उघडली. अमेरिकेत १९३७ च्या कायद्यानं बंदुकांवर आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो, आणि तो पैसा राज्यांकडं वन्यजीवांच्या कामासाठी येतो. व्याही म्हणाले, "मी प्रत्येक काडतुसामागं थोडी टर्की विकत घेतली आहे." हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं.

शनिवारी पहाटे पावणेचारला आम्ही उठलो. विहीणबाईंनी थर्मासमध्ये कोको भरला आणि मग एकेकाचे कपडे तपासले. लाल, पांढरं, निळं काहीही चालत नाही. नराच्या डोक्यावर हेच तीन रंग असतात, आणि झाडीत नुसता तो रंग हलताना पाहून दुसऱ्या शिकाऱ्यानं गोळी घातली तर? माझी लाल शाल घरीच राहिली. टिकली मी टोपीखाली झाकली. दुसरा नियम असा, की आवाजाच्या दिशेनं कधी चालत जायचं नाही. तो आवाज माणूस काढत असू शकतो.

सव्वापाचला माथ्यावर पोचलो. गवतावर दव गोठलं होतं. व्याह्यांनी खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याचा ओक निवडला, म्हणजे मागून कुणी आलं तरी पाठ झाकलेली राहते. नात बुंध्याला टेकली, आजोबा तिच्या हाताच्या अंतरावर, आणि मागच्या झाडाला मी नि लेक. पानं अजून फुटली नव्हती. दूर एक घुबड बोललं, आणि त्याला उत्तर म्हणून आमच्या समोरच्याच झाडावरून नर गरजला. घशात पाणी खळखळून एकदम बाहेर फेकावं तसा आवाज. माझ्या अंगावर काटा आला.

इथं एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळी शिकार तिच्यावर उभी आहे. रानात नर ओरडतो आणि माद्या त्याच्याकडं जातात. शिकारी मादीचा आवाज काढून नरालाच म्हणतो, तू ये. हे त्याच्या स्वभावाच्या उलट आहे. म्हणून तो थांबतो, वाट पाहतो, आणि शंका आली की निघून जातो. त्याला वास फारसा येत नाही, पण नजर अशी की डोळ्यावरचा केस बाजूला करायला बोट उचललं तरी खेळ संपला. नातीनं पाटीवर तीनदा काडी फिरवली आणि हात मांडीवर ठेवला. त्यानंतर पाऊण तास ती हलली नाही. वर्गात दहा मिनिटं स्वस्थ न बसणारी माझी नात!

उजाडल्यावर पंखांचा फडफडाट झाला आणि पक्षी खाली उतरले. आधी एक मादी आली, करड्या रंगाची, पालापाचोळा उकरत. तिच्या मागं तो. शेपटीचा पंखा उभारलेला, पंखांची टोकं जमिनीवरून ओढत, सुक्या पानांवर त्यांचा खरखर आवाज होत होता. कपाळ पांढरं, गाल निळे, गळा लालभडक. छातीतून राठ केसांचा झुबका लोंबत होता. तिथं त्याला दाढी म्हणतात, खरं तर ती पिसंच असतात. मधूनच तो एक खोल घुमारा काढी, पखवाजाच्या धुमेवर तळवा दाबावा तसा, कानापेक्षा छातीला जाणवणारा.

नातीची बंदूक गुडघ्यावर टेकलेली होती. नर पंचवीस पावलांवर आला, पण मादी नेमकी त्याच्या मागं उभी. छरे पसरतात. वसंतात मादीला धक्का लावायचा नाही, कारण पुढं अठ्ठावीस दिवस अंड्यांवर ती एकटीच बसणार असते. नर पिल्लांसाठी काहीच करत नाही आणि एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून तर हंगाम नरांचा. आजोबा नुसते पुटपुटले, "थांब." ती थांबली. किती वेळ गेला सांगता येत नाही. मादी दोन पावलं सरकली. आजोबांनी जिभेनं एक छोटा टकार काढला, नरानं पंखा मिटून मान उंचावली, आणि बार झाला.

पंख थोडा वेळ आपटत राहिले. ते बघणं सोपं नव्हतं, आणि मी ते तुमच्यापासून लपवणार नाही. नातीनं आधी बंदूक रिकामी केली, मग चालत गेली. गुडघ्यांवर बसून तिनं पक्ष्याच्या पाठीवर हात ठेवला. लांबून काळी दिसणारी पिसं उन्हात तांब्याची, हिरवी, जांभळी झाली होती. "आजी, अजून गरम आहे," ती मराठीत म्हणाली. तिच्या हनुवटीला कंप सुटला होता. आजोबांनी टोपी काढली आणि काही न बोलता तिच्या शेजारी बसले.

घरी आल्यावर तिनंच नोंदणीचा फोन केला. मारलेल्या पक्ष्याची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. छातीचं मांस विहीणबाईंनी पातळ कापून, पिठात घोळवून लोण्यावर परतलं. पाय मात्र आयुष्यभर डोंगर चढलेले, दोऱ्यासारख्या शिरांनी भरलेले. बरेच लोक त्यांच्या वाटेला जात नाहीत. माझ्या लेकीनं ते मागून घेतले. कांदा नि सुकं खोबरं भाजून वाटलं, साताऱ्याहून मी नेलेला काळा मसाला घातला आणि तीन तास मंद आचेवर ठेवले. व्याह्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला आणि हाडं स्वच्छ करून ताटात ओळीनं मांडली.

संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो. माथ्यावरून पुन्हा तीच खळखळ ऐकू आली, दुसऱ्या नराची. व्याही उठून कठड्याशी गेले, कानामागं हात धरला आणि बराच वेळ ऐकत राहिले. त्यांचा बुधवार अजून चार दिवसांवर होता. नात धावत आत गेली आणि पाटी घेऊन आली.

नमस्कार.