उपासनेला माणसं का येईनाशी होतात? मेथडिस्टांचा जुना इलाज

सलाम मंडळी.

आजचा विषय थोडा जड आहे, पण टाळून चालणार नाही. रविवारी उपासना सुरू होते, पहिलं गीत संपतं, आणि मागचे बाक रिकामेच राहतात. मग पास्टरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत, चर्चा होते. कुणी म्हणतं गाणी बदला, कुणी म्हणतं प्रोजेक्टर लावा, कुणी म्हणतं वेळ बदला. पुढच्या रविवारी पाळकसाहेब पुलपिटावरून उपस्थितीबद्दल चार शब्द कडक बोलतात. आणि ते कडक शब्द ऐकावे कुणी लागतात? जे नेमाने येतात, त्यांनाच. ज्यांच्यासाठी बोललं जातं ते घरी असतात.

मी आज एवढंच मांडणार आहे: येईनाशा झालेल्या माणसाकडे जाऊन "का?" हे विचारल्याशिवाय कुठलाही उपाय सुरू करू नये. आणि हे विचारण्याची पद्धत आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. आपली मेथडिस्ट चळवळ, म्हणजे अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेला प्रोटेस्टंट पंथ, उभीच त्या पद्धतीवर राहिली.

चला, १७४३ सालात जाऊ. इंग्लंडच्या उत्तरेला न्यूकॅसल नावाचं शहर आहे, कोळशाच्या खाणींचा मुलूख. तिथे मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांची सोसायटी, म्हणजे अनुयायांचा स्थानिक गट, नुकतीच उभी राहिली होती, आणि काही महिन्यांतच माणसं गळायला लागली. वेस्लींनी काय केलं? एकेका सभासदाला भेटत गेले, आणि सोडून गेलेले किती आणि का गेले, हे लिहून काढलं. १२ मार्च १७४३ ची ही नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. सोडून गेलेले ७६. आणि ७६ जणांची कारणं.

ती यादी मी सांगतो, कारण तिच्यात आपल्या मंडळीतले चेहरे दिसतील.

चौदा जण मुळात दुसऱ्या पंथाच्या चर्चचे होते. त्यांच्या पाळकांनी बजावलं, तिकडे जात राहिलात तर इथे प्रभुभोजन मिळणार नाही. नऊ जणांच्या नवऱ्याला किंवा बायकोला पसंत नव्हतं. बारा जणांच्या आईवडिलांना पसंत नव्हतं. पाच जणांना मालकाने किंवा मालकिणीने येऊ दिलं नाही. सात जणांचं मन ओळखीपाळखीच्या लोकांनी वळवलं. पाच जण गेले ते लोक सोसायटीबद्दल वाईटसाईट बोलतात म्हणून. नऊ जणांना लोकांचं हसणं सोसवेना. तिघांना भीती, की गरिबांना मिळणारा भत्ता बंद होईल. तिघांना वेळ नव्हता. दोघांना अंतर लांब पडत होतं. एकाला वाटलं आपल्याला झटके येतील, कारण त्या दिवसांत प्रवचन चालू असताना काही जण ओरडत कोसळायचे. एक जण रस्त्यावरच्या लोकांच्या उद्धटपणाला कंटाळला. एकाला आपल्या बाप्तिस्म्याकडे पाठ फिरवायची नव्हती. एकाची तक्रार, की हे तर नुसते चर्च ऑफ इंग्लंडचेच लोक आहेत. एक म्हणाला, देवाची सेवा करायला अजून पुष्कळ वेळ आहे.

आणि दोघांनी सोडलं, कारण एक विशिष्ट माणूस सोसायटीत होता. त्या माणसाचं नावसुद्धा नोंदीत आहे.

आता ही यादी नीट बघा. नवरा-बायको, आईबाप, मालक मिळून सव्वीस. म्हणजे गेलेल्यांपैकी तिसरा हिस्सा स्वतःच्या मनाने गेलाच नव्हता, त्यांना कुणीतरी अडवलं होतं. वेळ आणि अंतर ही कारणं देणारे फक्त पाच. आणि प्रवचन कंटाळवाणं होतं किंवा गाणी जुनी होती, असं एकानेही सांगितल्याची नोंद नाही. आपण कमिटीत बसून पहिल्यांदा ज्या गोष्टींवर बोट ठेवतो, त्या या यादीत नाहीतच!

आपल्याकडे कारणं वेगळी निघतील, हे उघड आहे. मुंबईचंच घ्या. चर्च भायखळ्याला किंवा मुंबई सेंट्रलला, आणि कुटुंब कधीच कल्याणला नाहीतर विरारला राहायला गेलेलं. रविवारी मेगाब्लॉक. दोन लहान मुलं आणि एक म्हातारी आई घेऊन तो प्रवास करून बघा. मॉलमध्ये, हॉटेलात, हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्याला रविवारची सुट्टीच नसते. दहावीच्या मुलाची टेस्ट सिरीज रविवारी सकाळी. कुणाला गुडघ्यांमुळे तासभर बाकावर बसवत नाही आणि ते सांगायची लाज वाटते. कुणाचं लग्न मोडलंय, आणि दारात उभं राहून "जावई दिसले नाहीत?" असं विचारणाऱ्या बायकांना तोंड द्यायचं बळ नाही. कोविडनंतर मोबाइलवरची उपासना काहींची सवय झाली. आणि एक कारण असं, की जे कुणी आपणहून सांगत नाही: वर्गणी थकली आहे. दहा महिन्यांची बाकी असताना दानाची प्लेट समोरून जाते तेव्हा काय वाटतं, ते ज्याला वाटतं त्यालाच माहीत.

या शेवटच्या कारणासाठी आपण ब्रिस्टलला जाऊ या, कारण आपली क्लास मीटिंग, म्हणजे दहा-बारा सभासदांच्या छोट्या गटाची दर आठवड्याची भेट, पैशाच्या विषयातूनच जन्मली.

ब्रिस्टलमध्ये 'न्यू रूम' नावाचं सभागृह बांधलं होतं आणि त्याचं कर्ज डोक्यावर होतं. १५ फेब्रुवारी १७४२ ला बैठक बसली, कर्ज फेडायचं कसं? कॅप्टन फॉय नावाच्या एका गृहस्थाने सुचवलं, प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. लगेच कुणीतरी म्हणालं, अहो, कित्येकांना तेवढंही परवडत नाही. त्यावर फॉय म्हणाले, मग सगळ्यांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. त्यांनी दिलं तर ठीक, नाही जमलं तर त्यांचं मी भरेन. बाकीच्यांनीही आपापल्या शेजारचे अकरा-अकरा वाटून घेतले.

पुढे काय झालं, ते महत्त्वाचं. पैसे गोळा करायला घरोघरी जाणाऱ्यांना माणसांची खरी परिस्थिती दिसायला लागली. कुणाच्या घरी भांडण, कुणाच्या घरी दारू. ते वेस्लींना येऊन सांगू लागले. आणि वेस्लींच्या लक्षात आलं, की इतके दिवस आपण जे शोधत होतो ते हेच. त्या कर्जवसुलीच्या व्यवस्थेची त्यांनी आत्म्याची काळजी घेण्याची व्यवस्था केली. क्लास लीडरचं काम ठरलं: आपल्या प्रत्येक माणसाला आठवड्यातून एकदा तरी भेटायचं, तुझा आत्मा कसा आहे हे विचारायचं, गरज असेल तसा सल्ला, समज, धीर द्यायचा, आणि गरिबांसाठी जे काही स्वखुशीने देतील ते घ्यायचं.

हे लीडर कोण होते? पाळक नव्हते, साधे सभासद होते. बायकाही लीडर होत्या. मेथडिस्टांच्या रचनेत याला फार अर्थ आहे. आपला पाळक बदलीचा माणूस. वेस्लींनी तर एका पत्रात लिहिलं, की मी एकाच ठिकाणी वर्षभर प्रवचन केलं तर लोकांसकट मीही झोपी जाईन. आजही कॉन्फरन्समध्ये, म्हणजे पाळक आणि प्रतिनिधींच्या सभेत, बिशप नेमणुका वाचून दाखवतात आणि पाळकसाहेबांचं सामान बांधलं जातं. नव्या पाळकांना कोण कुठल्या चाळीत राहतं हे कळेपर्यंत वर्ष जातं. म्हणून राहणारा कुणीतरी लागतो. तो क्लास लीडर. आपण बदल्या चालू ठेवल्या आणि क्लास लीडर मात्र बहुतेक ठिकाणी नावापुरता उरला किंवा तोही नाही. माझ्या मते आपल्या रिकाम्या बाकांचं मोठं कारण इथे आहे.

मुंबईतलं मेथडिस्ट काम सुरू झालं तेही असंच. १८७१ च्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर मुंबईत आले. चर्चची इमारत नव्हती. लोकांच्या दिवाणखान्यांत छोटे-छोटे गट जमायला लागले, आणि त्या गटांतून १८७२ मध्ये मंडळी उभी राहिली. घरं आधी, चर्च नंतर.

आता एकीबद्दल. हा भाग अवघड आहे, आणि इथे मला स्पष्ट बोलायचं आहे.

न्यूकॅसलच्या यादीत 'एका माणसामुळे' गेलेले दोघंच होते. आपल्याकडे मोजलं तर आकडा मोठा निघेल, असं मला वाटतं. कमिटीची निवडणूक झाली, हरलेल्या बाजूची चार घरं येईनाशी झाली. जुन्या पाळकांची बदली झाली, त्यांना मानणारे नव्या पाळकांच्या हातून प्रभुभोजन घेईनात. मराठी उपासना साडेआठला की हिंदी उपासना साडेआठला, यावरून अबोला. कंपाउंडमधल्या जागेवरून वाद. आणि या सगळ्याला तेल घालणारा व्हॉट्सॲप ग्रुप.

ही कुजबुज वेस्लींच्या काळातही होती. २९ जानेवारी १७५२ ला वेस्ली बंधू (जॉन आणि चार्ल्स) आणि त्यांच्या सोबतच्या प्रचारकांनी एका करारावर सह्या केल्या. त्याचा आशय मी आपल्या भाषेत सांगतो: एकमेकांबद्दल वाईट ऐकायला आपण जाणार नाही. कानावर आलंच तर चटकन विश्वास ठेवणार नाही. लवकरात लवकर ते त्याच माणसाला बोलून किंवा लिहून कळवू. आणि तोपर्यंत दुसऱ्या कुणापाशी त्यातलं अक्षरही काढणार नाही.

हा कागद आजच्या कमिटीसमोर ठेवा आणि म्हणा, करा सह्या. मी हे गंभीरपणे सांगतोय. पाळकांनी पहिली सही करावी.

मत्तय १८ आपल्याला पाठ आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. आपण हा क्रम उलटा चालवतो: आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग डी. एस. (डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट, म्हणजे पाळकांच्या वरचे अधिकारी) साहेबांकडे अर्ज जातो, काही वेळा कोर्टात, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याच्या घरी कुणी गेलेलंच नसतं. क्लासमध्ये माणसं समोरासमोर बसू लागली त्यामागचं एक कारण हेच होतं. घरोघर भेटींमध्ये एक जण एक सांगायचा, दुसरा ते नाकारायचा, आणि खरं-खोटं दोघांना एकत्र बसवल्याशिवाय कळत नव्हतं.

एकी म्हणजे सगळ्यांचं मत एक होणं, असं मी मानत नाही. वेस्ली आणि त्यांचे जुने सहकारी प्रचारक जॉर्ज व्हाइटफील्ड देवाच्या पूर्वनियोजनाच्या प्रश्नावर, म्हणजे कुणाचं तारण होणार हे देवाने आधीच ठरवलंय का यावर, उघडपणे भांडले, १७४१ मध्ये वेगळे झाले. मत दोघांनीही शेवटपर्यंत बदललं नाही. पण बोलणं पुन्हा सुरू झालं, आणि १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारले तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे लंडनमध्ये स्मृतिप्रवचन केलं ते वेस्लींनी.

पण सावध राहा. "झालं गेलं विसरा, एक व्हा" हे वाक्य पुष्कळदा दुखावलेल्यालाच ऐकवलं जातं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या सभासदांना प्रार्थनेत गुडघ्यांवर असताना ओढून उठवलं गेलं. ॲब्सलम जोन्स, रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सोबती तिथून बाहेर पडले, आणि १८१६ मध्ये ॲलन यांच्या नेतृत्वाखाली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झालं. त्या रविवारनंतर रिकाम्या झालेल्या जागांचा दोष निघून गेलेल्यांचा होता का? आपल्याकडेही कुणी जातीवरून, गरिबीवरून, घटस्फोटावरून अपमान सोसून गेलं असेल, तर आधी अपमान करणाऱ्याने त्या घरी जाऊन माफी मागायला हवी. हिशेबात घोळ झाला असेल तर आधी हिशेब मंडळीसमोर ठेवायला हवा. ते न करता घेतलेली समेटाची प्रार्थना मला मान्य नाही.

मग सुरुवात कशी करायची? सभासद रजिस्टर काढा. पाळक, महिला मंडळ, तरुण संघ यांच्यातले ज्यांच्या पोटात गोष्ट राहते असे लोक निवडा. हा निकष सगळ्यांत वरचा. गोड गळा आणि चांगलं भाषण नंतर. प्रत्येकाला दहा-बारा नावं द्या, शक्यतो त्याच भागातली. ज्याच्याशी वाद आहे त्याच्याकडे वादातल्या माणसाला पहिल्याच फेरीत पाठवू नका, तिसऱ्या कुणाला पाठवा. भेटीत "चर्चला का येत नाही?" हा पहिला प्रश्न नको, तो वॉरंटसारखा वाटतो. कसे आहात, घरी सगळं बरं आहे ना, प्रार्थना कशासाठी करू, एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका. कारण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आपोआप बाहेर येतं.

जी कारणं समजतील ती नावं न घेता कमिटीसमोर यावीत. वीस घरं अंबरनाथ-बदलापूरची निघाली, तर त्यांच्यासाठी तिकडेच महिन्यातून एकदा घरगुती उपासना का नको? रविवारी कामावर जाणारे बरेच असतील तर शनिवारी संध्याकाळी जमा. वर्गणीचा प्रश्न असेल तर कॅप्टन फॉय यांचा मार्ग आहेच, गुपचूप.

काही जण सांगतील, आम्ही आता दुसऱ्या चर्चला जातो. त्यांना फितूर म्हणू नका. त्यांच्यासाठी तिथेच प्रार्थना करा, लग्नाला-मातीला जात राहा.

आणि हो, पहिल्या भेटीला जाताना वर्गणीचं पावतीपुस्तक घरी ठेवून जा.