कमी बर्फाच्या हिवाळ्यातलं हिमस्खलन

मंडळी, आत येताना एका तरुणाने मला विचारलं, "यंदा बर्फच कमी पडलाय, मग हिमस्खलनाची भीतीही कमीच ना?" मला आज जे सांगायचंय ते नेमकं याच्या उलट आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, पृष्ठभाग मात्र हवेबरोबर गार होत जातो. समजा, तो उणे 10 अंशांवर आहे. बर्फ दोन मीटर जाड असेल तर दर 10 सेंटिमीटरला अर्ध्या अंशाचा फरक पडतो. तोच बर्फ अर्धा मीटर असेल तर दोन अंशांचा. हा फरक साधारण एक अंशापलीकडे गेला की तळातली वाफ वेगाने वर सरकते आणि एकमेकांना धरून असलेले कण कोनदार, सुटे होतात. मुठीत घेतले तर जाड साखरेसारखे बोटांतून ओघळतात, त्यांचा गोळा होत नाही. थोडा बर्फ पडून मग लांबलचक कोरडी थंडी राहिली की तळाशी हेच साठतं. त्यावर पुढे जोरदार बर्फवृष्टी झाली की वरचा घट्ट थर या ठिसूळ पायावर बसतो आणि तो मोडायला एका माणसाचं वजन पुरतं. भटकंतीत सापडणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत स्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सुरू केलेलं असतं.

"हा उतार कधी सुटत नाही" असं जुनेजाणते सांगतात. त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण तो अनुभव ज्या हिवाळ्यांतून आला, तसे हिवाळे आता भरवशाचे राहिलेले नाहीत. ऐन हिवाळ्यात, पूर्वी बर्फच पडायचा अशा उंचीवर पाऊस पडतो. पाऊस वजन वाढवतो आणि कणांची पकड सैल करतो; ताज्या बर्फावर तो सुरू झाला तर काही मिनिटांतही उतार सुटू शकतो. पुढे तो गोठतो, कवच बनतं, पायाला भक्कम लागतं. पण त्या कवचाला लागूनच पुन्हा सुटे कण वाढू शकतात.

वाऱ्याचंही तेच. आकाश स्वच्छ असतं, बर्फ पडत नसतो, तरी वारा धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला रचत असतो आणि तेही बर्फवृष्टीच्या कितीतरी पट वेगाने.

हे तपासायचं कसं? खड्डा खणा. त्याच्या भिंतीत 90 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल असा ठोकळा मागून-बाजूंनी कापून सुटा करा. एका टोकावर फावडं पालथं ठेवा. मनगटातून 10 थापा, कोपरातून 10, खांद्यातून 10. तडा त्या टोकापासून पलीकडच्या टोकापर्यंत एका झटक्यात धावला, तर त्या दिवशी तसल्या उतारावर जायचं नाही. तडा गेला नाही, तर मात्र फक्त त्या खड्ड्यापुरतं कळलं. थोड्याच अंतरावर थर वेगळा असू शकतो. ही चाचणी "नको" म्हणायला उपयोगी. तिच्याकडून परवानगी मागू नका.

धोक्याची सूचना पाच पातळ्यांत दिली जाते. तिसरी मधली, म्हणून लोक तिला मध्यम समजतात. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनातले सुमारे निम्मे मृत्यू याच पातळीच्या दिवशी होतात.

या सगळ्यात न बदलणारी गोष्ट एकच, उताराचा कोन. घट्ट थराची स्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात. म्हणून शंका असेल त्या दिवशी 30 अंशांच्या आत राहा. पण मान वर करून पाहाच, कारण डोक्यावरचा तीव्र उतार खाली चालणाऱ्याच्या पायानेही सुटू शकतो. पायाखाली "धप्प" असा दबका आवाज आला, पुढे भेगा पळाल्या, तर खड्डा खणत बसू नका. आल्या वाटेने मागे फिरा. मात्र रात्री ढग असतील तर ओला बर्फ नीट गोठत नाही, म्हणून पहाटे पार केलेला उतार दुपारच्या उन्हात परतीसाठी धरू नका. दुसरी वाट निघण्याआधीच नकाशावर आखून ठेवा.