कल्याण ते खोडद: आकाशाचा रेडिओ नकाशा

(दृश्य: कल्याण स्थानक, सकाळची गर्दी)

रेडिओ खगोलशास्त्राशी, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या अभ्यासाशी, ठाणे जिल्ह्याचं नातं जुनं आहे. १९६५ साली खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे, कल्याणला, ३२ तबकड्यांची दुर्बीण उभारली. तबकड्या ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या, जेमतेम सहा फुटी. त्यांनी अभ्यासला तो सूर्य.

(दृश्य: मुरबाड रस्ता, माळशेज घाट)

आज त्याच परंपरेतली मोठी दुर्बीण बघायची, तर ठाण्याहून माळशेज ओलांडून नारायणगावजवळच्या खोडदला जायचं. मोबाईल टॉवर आणि एफएमच्या गजबजाटात अवकाशातले क्षीण संकेत टिपणं कठीण. म्हणून ती शहरांपासून दूर, डोंगरांच्या आडोशाला. नाव जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात.

२०१० ते २०१२ दरम्यान या तबकड्यांनी १५० मेगाहर्ट्झवर आकाश पिंजून काढलं. हेच टीजीएसएस (टीआयएफआर जीएमआरटी स्काय सर्व्हे) सर्वेक्षण; टीआयएफआर म्हणजे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. एकेका तुकड्याला साधारण पंधरा मिनिटं, तीही सलग नाहीत. पृथ्वी फिरते तशी तबकड्यांची आकाशाच्या संदर्भातली मांडणी बदलते आणि चित्र भरीव होतं, म्हणून त्याच तुकड्याकडे पुन्हा पुन्हा वळायचं. असे दोन हजारांहून जास्त तास.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर धूसर ठिपके)

निरीक्षणं झाली, पण खरी झुंज पुढेच होती. इतक्या कमी वारंवारतेच्या लहरी आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, येताना वाकतात. वाहत्या ओढ्याच्या तळातला गोटा हलताना दिसतो ना, तसे रेडिओ स्रोत जागचे हलल्यासारखे दिसतात. आणि प्रत्येक दिशेला वेगळे. टीआयएफआरच्या चमूने काही भागाचे नकाशे टप्प्याटप्प्याने खुले केले. निरीक्षणांची सगळी मूळ विदा (डेटा) संग्रहात होती. खगोलशास्त्रज्ञ ह्यूब इंटेमा यांनी ती आपल्या ‘स्पॅम’ संगणक प्रणालीतून (नावावर जाऊ नका!) पुन्हा काढली. ही प्रणाली दिशेनुसार दुरुस्ती करते. २०१६ मध्ये इंटेमा आणि सहकाऱ्यांनी आकाशाच्या नव्वद टक्के भागाचा नकाशा सर्वांसाठी खुला केला. त्यात सहा लाखांवर रेडिओ स्रोत आहेत.

त्यातल्याच एका ठिपक्याचा माग काढत २०१८ मध्ये संशोधक तेव्हाच्या सर्वांत दूरच्या ज्ञात रेडिओ दीर्घिकेपर्यंत (रेडिओ लहरींत प्रखर दिसणाऱ्या तारकासमूहापर्यंत, म्हणजे गॅलेक्सीपर्यंत) पोहोचले. तिचा प्रकाश बारा अब्जांहून जास्त वर्षं प्रवास करून आलेला.

नकाशा निर्दोष मात्र नाही. काही भागांत स्रोतांची तेजस्विता नीट जुळत नाही, हे नंतरच्या तुलनांतून पुढे आलं. त्यामुळे तेजस्वितेचे आकडे वापरण्याआधी अभ्यासक ते दुसऱ्या सर्वेक्षणांशी ताडून घेतात.